दोरीवरची ओल

मनुष्यजातीचा सगळा इतिहास हा शेवटी हवेतल्या ओलाव्याचा इतिहास आहे. राज्यं तलवारीने बुडाली नाहीत, हवा कोरडी पडल्याने बुडाली. नाती पैशापायी तुटली नाहीत, घसे सुकल्यामुळे तुटली. आणि ज्याला स्वतःच्या खोलीतला ओलावा सांभाळता येत नाही त्याने संस्कृतीबिंस्कृतीच्या गप्पा मारू नयेत. हा सिद्धान्त मारुतराव सकपाळांना जानेवारीतल्या एका सकाळी सुचला, तेव्हा ते ठाण्यात, खोपटच्या आपल्या फ्लॅटमधल्या आतल्या खोलीच्या दारात, एक हात चौकटीवर ठेवून उभे होते. सिद्धान्ताला उदाहरणं जोडायची बाकी होती, एवढ्यात आतून त्यांची मुलगी प्राची म्हणाली, "बाबा, दार लावा. वारा येतोय, आणि मी हिला पाजतेय."

मारुतरावांनी दार लावलं. पण लावता लावता जे दिसायला नको होतं ते दिसून गेलं होतं. खिडकीजवळच्या खिळ्यावर हवेतला ओलावा दाखवणारं एक छोटं यंत्र टांगलेलं होतं. त्याला नाव आहे, पण त्यांची बायको शालन त्याला पहिल्या दिवसापासून ‘तुमचं ते घड्याळ’ म्हणत आली आणि शेवटी तेच घरात रुळलं. काल त्या घड्याळात पासष्टचा आकडा होता. आज त्रेचाळीस. आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधलेली नायलॉनची दोरी, जी गेले दोन महिने नातीच्या लंगोटांनी, बाळोत्यांनी आणि दुपट्यांनी लवलेली असायची, ती सरळ होती. रिकामी. तिच्यावर एक चिमटा तेवढा उरला होता, गाडी सुटल्यावर फलाटावर राहिलेल्या माणसासारखा.

"अगं प्राची," ते बंद दाराशी बोलले, "लंगोट कुठे गेले?"

"कपाटात."

"आणि बाळ?"

"बाळ इथेच आहे, बाबा. डायपर घातलंय. सर्वेशने पाठवलेत. आता मला जरा झोप तरी मिळेल."

सर्वेश म्हणजे जावई. मुलगा चांगला, टिटवाळ्याला नव्या इमारतीत स्वतःचं घर, वागायला नम्र. एवढ्या नम्र माणसाने आपल्या घरात एवढं मोठं पुडकं पाठवून असा घात करावा, हे मारुतरावांच्या पचनी पडेना. ते बाहेरच्या खोलीत येऊन खुर्चीवर बसले, उठले, पुन्हा बसले. छातीत काहीतरी भराभर चाललं होतं आणि त्याला भीती म्हणावं की उत्साह हे त्यांना ठरवता येईना, कारण गेल्या महिनाभरात या दोन्ही गोष्टी त्यांच्या अंगात एकाच वेळी राहत होत्या आणि एकाच ताटात जेवत होत्या. कारण आतल्या खोलीत, त्या खिडकीत, त्यांच्या ऑर्किडला चार कळ्या लागल्या होत्या.

कळ्या लागणं हे काही नवं नव्हतं. दर वर्षी लागत. निवृत्तीनंतर एका फुलांच्या प्रदर्शनात त्यांनी हे रोप घेतलं, तेव्हा त्यावर पानं होती, मुळं होती आणि एक चिठ्ठी होती जिच्यावरची शाई पाण्याने केव्हाच धुऊन गेली होती. "रंग कुठला?" असं त्यांनी विचारलं तेव्हा विकणारा म्हणाला, "फुललं की कळेल, काका." उभा जन्म खोपटच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेल्या माणसाला हे उत्तर ओळखीचं वाटलं. महाडची गाडी कधी लागेल असं कोणी विचारलं की तेही आयुष्यभर असंच सांगत आले होते: लागली की कळेल. त्यांनी रोप घरी आणलं. नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कोळसा घालून कुंडी भरली, खाली ताटात खडे आणि पाणी ठेवलं, पूर्वेची खिडकी दिली. थंडी पडली की पानांच्या बेचक्यातून एक दांडा निघे, त्यावर हरभऱ्याएवढ्या कळ्या धरत, फुगत फुगत बोराएवढ्या होत, आणि मग एका सकाळी पहिली कळी पिवळी पडे. दुसरी सुरकुते. मग त्या गळत, एकेक करून, टप असा आवाजसुद्धा न करता. ठाण्याची हवा पावसाळ्यात अशी की भिंतीवर बुरशी धरावी आणि थंडीतल्या दुपारी अशी की ओठ फुटावेत. त्यात समोरची जुनी इमारत पाडून नवी बांधायला काढलेली, त्यामुळे वाऱ्यासोबत सिमेंट. मारुतरावांनी वाफ सोडणारं यंत्र आणलं, तर शेजारी ठेवलेलं दुसरं एक रोप पार गाभ्यातून सडलं. यंत्र बंद केलं, तर कळ्या सुकल्या. दिवसातून दहादा फवारा मारला, तर पानांवर डाग पडले. ओलावा हा प्राणी त्यांना वरिष्ठ अधिकाऱ्यासारखा वाटू लागला. कमी पडलं तरी ठपका, जास्त झालं तरी ठपका, आणि नेमकं किती हवं ते लेखी द्यायचं नाही. इतकी वर्षं रोप घरात होतं आणि त्याच्या फुलाचा रंग घरात कोणालाही माहीत नव्हता.

मग प्राची बाळंतपणाला माहेरी आली. खोली तिला दिली, पण रोप हलवायचं नाही असं मारुतरावांनी बजावलं, कारण कळ्यांवर असताना कुंडी नुसती फिरवली तरी रोप रुसतं. शालन म्हणाली, "बाळंतिणीच्या खोलीत कुंडी? लोक काय म्हणतील?" पण लोक त्या खोलीत येतच नव्हते. क्षिप्रा जन्मली (हे नाव सर्वेशने शोधलं, शालन तिला छबडी म्हणून मोकळी होते) आणि तिच्यापाठोपाठ खोलीत दोरी आली. बाहेर वाळत घालावं तर सिमेंटची धूळ; आणि दिवेलागणीनंतर तान्ह्या बाळाचे कपडे बाहेर ठेवायचे नाहीत हा शालनच्या माहेरचा नियम, तो सुप्रीम कोर्टाच्या वरचा. तेव्हा सगळं आतच. लंगोट वाळत, तोवर दुसरे भिजत. पंखा मंद, खिडकीची एक फळी उघडी, बाळंतिणीसाठी पाणी उकळलेलं. आणि एक दिवस मारुतराव घड्याळ पाहायला आत डोकावले तर आकडा पासष्ट. दुसऱ्या दिवशी चौसष्ट. तिसऱ्या दिवशी पुन्हा पासष्ट. ते पाहतच राहिले. जे यंत्राला जमलं नाही, पुस्तकाला जमलं नाही, इंटरनेटवर ऑर्किडचे धडे देणाऱ्या केरळच्या एका गृहस्थांना जमलं नाही, ते एका तान्ह्या मुलीने, स्वतः झोपेत असताना, करून दाखवलं होतं. रोपाची चांदीसारखी मुळं हिरवीगार झाली. कळ्या धरल्या, आणि टिकल्या.

तेव्हापासून त्यांना त्या खोलीत जायला कारण मिळालं. सकाळी घड्याळ पाहायला, नाश्त्यानंतर खड्यांचं ताट भरायला, दुपारी ऊन कळ्यांवर येत नाही ना हे बघायला. जायचे, दाराशी खाकरायचे, आत येऊन आधी यंत्राकडे बघायचे, मग कळ्यांकडे, मग जाता जाता, डोळ्याच्या कोपऱ्यातून, पाळण्याकडे. मुठी मिटलेल्या असायच्या. कधी एक डोळा उघडा, कधी जांभई, एवढ्याशा तोंडाला न शोभणारी. मग ते म्हणायचे, "ठीक आहे, पासष्ट आहे," आणि बाहेर यायचे. प्राचीला हसू यायचं. शालन एकदा म्हणाली, "तुम्ही रोपाला पाहायला जाता की काय पाहायला जाता?" त्यावर ते फार गंभीरपणे म्हणाले, "आर्द्रता."

असं काही बाळंतिणीच्या खोलीत असतं हे त्यांना साठी उलटल्यावर कळत होतं. प्राची जन्मली ती पोलादपूरच्या बाजूला, शालनच्या माहेरी. मारुतराव तेव्हा इथे, डेपोच्या काचेच्या खोलीत, माईकसमोर. रजा मिळाली आणि ते गेले, तेव्हा सासूबाई दारातच आडव्या उभ्या. "बाहेरूनच बघा हो. आत सगळी ओल आहे." त्यांनी उंबऱ्याबाहेरून पाहिलं होतं. अंधार, शेगडीची लाल कड, ओव्याचा आणि शेपांचा धूर, ओल्या कापडांचा एक उबदार, आंबूस, दुधट वास, आणि या सगळ्याच्या पलीकडे कुठेतरी गाठोड्यासारखं काहीतरी, जे त्यांचं होतं. गड्यांनी आत जायची पद्धत नव्हती आणि त्यांनाही तेव्हा त्यात वावगं वाटलं नव्हतं. नवऱ्याने बाहेर बसून चहा प्यायचा, असा सगळ्यांचाच समज. मुलगी ठाण्याला आली तेव्हा ती अंगाने भरली होती, मान धरत होती, आणि त्यांना पाहून रडली. तो वास मात्र त्यांच्या नाकात कुठेतरी अडकून राहिला असावा, कारण दोन महिन्यांपूर्वी लंगोटांची पहिली रांग दोरीवर चढली आणि तो अचानक सुटून अख्ख्या फ्लॅटभर पसरला, तेव्हा मारुतराव वर्तमानपत्र हातात धरून बराच वेळ एकाच ओळीवर थांबले होते. ओळ तुरीच्या भावाची होती.

आणि आता डायपर.

त्या दिवशी दुपारपर्यंत आकडा एकेचाळीसवर आला. एका कळीच्या देठाशी मारुतरावांना पिवळी छटा दिसली. नंतर चष्मा पुसल्यावर दिसेनाशी झाली, पण एकदा दिसलेली गोष्ट मनातून कुठली जायला. त्यांनी आपला मोठा टॉवेल भिजवून दोरीवर घातला. शालनने तो काढला. त्यांनी दोन बनियन घातले. तेही गेले. जेवताना त्यांनी सहज सुरात विषय काढला, "डायपरने म्हणे कातडीला हवा लागत नाही. आपल्या पूर्वजांनी—"

"आपल्या पूर्वजांनी लंगोट धुतले का कधी?" शालन म्हणाली. "तुमच्या पूर्वजांनी एक तरी धुतला असेल तर मी आत्ता सगळे बाहेर काढते."

विषय तिथे संपला. पण हट्टाला पेटलेल्या वाहतूक नियंत्रकाला पर्यायी मार्ग ठाऊक असतात. दुपारी शालन आणि प्राची झोपल्या तेव्हा मारुतरावांनी कपाटातून घडी घातलेले, स्वच्छ, कोणीही न वापरलेले लंगोट काढले, बाथरूममध्ये बादलीत बुचकळले, अर्धवट पिळले आणि पावलांचा आवाज न करता आतल्या खोलीत दोरीवर घातले. कोपऱ्याला कोपरा, एकाचा चिमटा दुसऱ्याला, डेपोत गाड्या लावाव्यात तसे. क्षिप्रा जागी होती. ती त्यांच्याकडे बघत होती, म्हणजे त्यांच्या दिशेला बघत होती, आणि तिने हात उडवला. मारुतरावांनी तोंडावर बोट ठेवलं. इतका आनंद त्यांना किती वर्षांत झाला नव्हता. आकडा चढू लागला. एकोणपन्नास. बावन्न. ते खिडकीशी उभे राहून श्वास रोखून तो चढताना बघत होते, आणि ओल हळूहळू अंगावर येत होती, हातांवर, ओठांवर, कुठल्याशा जुन्या उंबऱ्याच्या अलीकडे नव्हे तर पलीकडे.

"हे कोणाचे?" शालन दारात उभी होती.

"क्षिप्राचे."

"छबडी डायपरात आहे. मग हे भिजवले कोणी?"

"सवयीने भिजले असतील."

"कोणाच्या सवयीने?"

मारुतराव घड्याळाकडे बघत राहिले. शालनने एक लंगोट हातात घेतला, हुंगला, पुन्हा दोरीवर घातला, त्याचा कोपरा सरळ केला आणि निघून गेली.

रविवारी सर्वेश आला, सोबत त्याची आई, कांताबाई. मूळच्या जुन्नरकडच्या, मोठ्या आवाजाच्या, मनाच्या तेवढ्याच मोठ्या. त्यांनी नातीला घेतलं, तिचं नाक आजोबांवर आणि हनुवटी आपल्यावर असल्याचं जाहीर केलं, आणि मग खिडकीकडे वळल्या. "आगं बया, काय कळ्या धरल्यात वं, व्याही. कशा टपोऱ्या. आमच्याकडं तर तुळस बी टिकत न्हाई." मारुतरावांना ऊर भरून आल्यासारखं झालं. त्यांनी मुळांबद्दल, कोळशाबद्दल, ओलाव्याच्या टक्क्यांबद्दल सविस्तर सांगितलं. कांताबाईंनी ते सगळं तोंड उघडं ठेवून ऐकलं आणि विचारलं, "आन् रंग कुठला यायचा?"

"तेच तर," मारुतराव म्हणाले. "कोणालाच माहीत नाही."

चहा झाल्यावर सर्वेश म्हणाला, "बाबा, पुढच्या रविवारी नेतो दोघींना. मित्राची गाडी मिळतेय."

"पुढच्या?"

"हो. आता ती ठीक आहे. आणि घर सुनं वाटतं हो मला."

मारुतरावांनी एक प्रयत्न केला. "गाडी म्हणजे काय, उशीर होऊ शकतो. रद्दही होते."

"मित्राची आहे बाबा. एसटी नाही."

ते दोघांना रिक्षात बसवायला खाली उतरले, आणि रिक्षा गेल्यावर पाय सवयीने डेपोकडे वळले. फाटकाशी उभे राहून त्यांनी सुटणाऱ्या गाड्या पाहिल्या. पुढच्या रविवारपर्यंत कळी उमलेल का, आणि नाही उमलली तर खोली रिकामी, दोरी सोडलेली, आणि त्या बंद, कोरड्या खोलीत आपण एकटे कळ्या गळताना बघत. पण उमलली तर. उमलली तर काय असेल, जांभळी, गुलाबी, पांढरी, ठिपक्यांची, जिभेवर केशरी. ते शाळकरी पोरासारखे भराभर घरी निघाले.

जिन्यातच ठसका लागला. दार उघडलं तर घरभर निळसर धूर. आतल्या खोलीत सगळ्या फळ्या सताड उघड्या, पंखा पाचवर, बाळ आणि प्राची बाहेरच्या खोलीत, आणि कुंडीसमोर शालन, हातात तवा, तव्यात निखारे, निखाऱ्यांवर मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या. निखारे होते ते मारुतरावांनी ऑर्किडसाठी आणलेल्या पिशवीतल्या कोळशाचे.

"काय करतेस?"

"दृष्ट काढली," शालन म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, धुराचं. "छबडीची काढली, मग म्हटलं या रोपाचीही काढू. कांताबाई मनाच्या चांगल्या आहेत हो, पण नजर. टपोऱ्या म्हणाल्या. आणि मला ठसकासुद्धा लागला नाही, म्हणजे बघा केवढी लागली होती."

मारुतराव खोकत होते. धुराने कळ्या गळतात, मिरचीच्या धुराने तर नक्कीच, त्यावर हा कोरडा वारा, हे सगळं त्यांच्या जिभेवर आलं होतं, टक्क्यांसकट. पण शालन तवा धरून उभी होती, पदर खोचलेला, कपाळावर राख, आणि म्हणत होती, "तुम्ही एवढं करता त्याचं. म्हटलं, आपणही काही करावं." त्यांनी पंखा बंद केला. खिडकीच्या दोन फळ्या लावल्या, एक ठेवली. "बरं केलंस," ते म्हणाले, आणि हे वाक्य तोंडातून निघाल्याचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

संध्याकाळी एक कळी गळली. दुसऱ्या दिवशी दुसरी पिवळी पडली. उरल्या दोन. मारुतराव खोलीत जायचेच थांबले; बाहेर बसून दाराकडे पाहत राहिले, जणू आत कोणाचं ऑपरेशन चाललंय. मग मंगळवारी सकाळी दार उघडं दिसलं आणि दोरी भरलेली. पिवळे डाग न निघालेले जुने लंगोट, फुलाफुलांची दुपटी, टपटप गळणारी, फरशीवर ओलीचे गोल.

"डायपरने पुरळ आलं हिला," प्राची म्हणाली. ती वर न बघता घड्या घालत होती.

"कुठे?"

"आलंय. थोडंसं."

मारुतराव पाळण्याजवळ गेले आणि वाकून पाहिलं. मांड्या लोण्यासारख्या स्वच्छ होत्या. पुरळ कुठेही नव्हतं. ते सरळ झाले. घड्याळात सत्तावन्न होता, मग साठ. "हो, आहे थोडंसं," ते म्हणाले. प्राचीने मान आणखी खाली घातली. डोळ्यांखाली काळं आलं होतं तिच्या. झोप पुन्हा गेली होती. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं आणि शब्द म्हणून त्यांच्याकडे फक्त टक्केवारी होती.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. दोनपैकी एक कळी फुगली, तिला मधोमध एक रेघ पडली. मारुतराव जेवताना उठायचे, आंघोळीतून ओरडून विचारायचे. शालन म्हणाली, "प्राचीच्या वेळी मलासुद्धा एवढ्या कळा आल्या नव्हत्या." शनिवारी सकाळी चहाच्या आधी ते आत गेले आणि थिजून उभे राहिले. पाकळ्या उघडल्या होत्या. पाच, मेणासारख्या जाड, मधे एक लहानशी जीभ. त्यांनी हाताने शालनला खूण केली, ती हात पुसत आली; प्राची बाळाला खांद्यावर घेऊन उठली.

फूल पिवळं होतं. पण सोनेरी नव्हे, लिंबासारखंही नव्हे. थोडी मोहरी, थोडा हिरवटपणा, आणि बारीक दाणेदार ठिपके.

"हा रंग मी कुठेतरी बघितलाय," शालन म्हणाली.

"रोज सकाळी बघतेस, आई," प्राची म्हणाली. "लंगोटात."

मायलेकी भिंतीला टेकून हसत सुटल्या. मारुतरावांनी मात्र ऐकलंच नाही. ते फुलासमोर वाकले होते, इतके जवळ की श्वासाने पाकळी हलत होती. इतकी वर्षं वाट पाहिलेला रंग हाच, हाच आणि दुसरा कुठलाही नाही, आणि दुसरा कुठलाही असता तर किती चुकीचं झालं असतं, हे त्यांना आत्ता लख्ख कळत होतं. उजेड पाकळीतून आरपार येत होता, खोलीभर ती ओल, तो दुधट वास. उद्या दुपारी गाडी येणार होती. ते एकदम सरळ झाले आणि बोलू लागले, भराभर, वळून न बघता: टिटवाळ्याला इमारत उंच आहे, वारा लागेल, हवा कोरडी होईल, तेव्हा पंखा मंद, खिडकीची एकच फळी उघडी, दोरी भिंतीपासून हातभर लांब बांधायची, आणि घड्याळ तूच घेऊन जा, मी येत जाईन आकडा बघायला, आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, कारण प्राची, ओलावा ही अशी गोष्ट आहे की ती एकदा गेली—

"बाबा," प्राची म्हणाली, "ते राहू दे. जरा हिला धरता का? मला दात घासायचेत."